वयाची सवलत नको, उत्तर द्या

मराठी पुस्तकांचे प्रकाशक आणि दिवाळी अंकांचे संपादक यांस,



तुमच्यापैकी काहींच्या कार्यालयात माझे हस्तलिखित पडून आहे. कोणाच्या टेबलाखाली, कोणाच्या कपाटावर, कोणाच्या ईमेलमध्ये. नेमके कुठे ते बहुधा तुम्हालाही ठाऊक नसेल. त्याची आठवण करून देण्यासाठी हे पत्र नाही. तसली पत्रे खासगीत पाठवायची असतात आणि ती मी पाठवली आहेत. हे उघड लिहिते आहे, कारण माझ्यासारखी माणसे आता बरीच झाली आहेत. नोकरीतून मोकळी झालेली, मुलांची शिक्षणे-लग्ने उरकलेली, आणि जन्मभर मनात घोळवलेले लिखाण आता कुठे कागदावर उतरवणारी. कोणी एसटीत होते, कोणी जिल्हा परिषदेत, कोणी शाळेत, कोणी सिव्हिल हॉस्पिटलात. वाचनालयात, ज्येष्ठ नागरिक संघात भेटलो की बोलणे होते, आणि तुमच्याविषयीचे सगळ्यांचे अनुभव नवल वाटावे इतके सारखे निघतात. बाकीची मंडळी भिडस्त आहेत, म्हणून मी लिहिते.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी खात्यात लागले तेव्हा परगावी बोलायचे तर बहुतेकांना ट्रंक कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. ठरावीक माणूसच लाइनवर हवा असेल तर पी. पी. कॉल. कानाला हेडसेट, समोर बोर्ड, हातात कॉर्ड, आणि प्रत्येक कॉलचे वेगळे तिकीट. तीन मिनिटे झाली की मध्ये बोलायचे, 'तीन मिनिटं झाली, पुढं चालू ठेवायचंय का?' मग सगळीकडे एसटीडी आली, बोर्ड गेले, आम्हाला वेगवेगळ्या टेबलांवर बसवण्यात आले आणि साठाव्या वर्षी मी निवृत्त झाले. लेखिका व्हायचे हे मात्र शाळेतच ठरले होते. ठरले म्हणजे माझे एकटीचे. घरात बोलून दाखवण्यासारखी ती गोष्ट नव्हती. रात्रपाळ्या, दोन मुले, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, यांत लिहिले नाही असे नाही, पण जे लिहिले ते वहीच्या मागच्या पानांवर राहिले.

हे सगळे तुम्हाला सांगायची खरे तर गरज नव्हती. हस्तलिखिताबरोबरच्या पत्रात मी दोन ओळींचा परिचय दिला होता, एवढेच. पण त्या दोन ओळी तुम्ही वाचता आणि मागची पाने तशीच राहतात, असा माझा संशय आहे. एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा मला फोन आला. मी कथा पाठवली होती. ते म्हणाले, ताई, कथा राहू द्या, पण एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी कानावर पडत असतील ना? त्यातले मजेदार किस्से दोन पानांत द्या, झकास होईल. मी त्यांना सांगितले, कानावर पडलेले बाहेर सांगणे हा १८८५ च्या तार कायद्याने गुन्हा होता, आणि कायदा नसता तरी मी ते सांगितले नसते. त्यावर ते हसले. कथेविषयी एक अक्षर निघाले नाही. ती आवडली नसेल तर तसे म्हणायचे होते. आवडली की नाही हा प्रश्नच त्यांना पडला नव्हता, कारण त्यांनी ती वाचली नव्हती.

आमच्याकडून काय हवे ते तुमचे आधीच ठरलेले असते. निवृत्त माणसाने आठवणी लिहाव्यात. फार तर चारधाम किंवा मुलाकडे अमेरिकेला जाऊन आल्यावर प्रवासवर्णन, नाहीतर गुडघेदुखीवर चार समजुतीचे शब्द. माझी कादंबरी कोयनेच्या पाण्याखाली गाव गेलेल्या एका कुटुंबाची आहे. धरणाचे काम १९५० च्या दशकात सुरू झाले, माणसे उठली, कोणी कोकणात उतरले, कोणी सोलापूर-सांगलीकडे गेले, आणि सातबारावर नाव लागण्याची वाट पाहण्यात काहींची एक पिढी गेली. कादंबरीत भावाभावांत भांडण आहे ते या जमिनीचे. एका प्रकाशकांच्या माणसाने मला विचारले, 'पण यात तुम्ही कुठे आहात?' मी म्हटले, मी लिहिणारी आहे. तिशीतल्या कादंबरीकाराला हा प्रश्न तुम्ही विचारता का? त्याने शेतकऱ्यावर लिहिले तर ती त्याची झेप असते. मी धरणग्रस्तावर लिहिले की मी वाट चुकलेली असते.

आता कौतुकाविषयी. हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण कौतुक करणारी माणसे मनाने चांगली असतात. पण 'या वयातही काय उत्साह आहे!' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता मला ते नकारापेक्षा जास्त लागते. नकारात निदान लिखाणाचा विचार झाल्याची शक्यता असते. उत्साहाची तारीफ सकाळी टेकडी चढणाऱ्यांची करावी. माझ्या तिसऱ्या प्रकरणात काळाची गल्लत झाली असेल, थोरल्या भावाचे पात्र कच्चे राहिले असेल, तर ते मला हवे आहे. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांच्या पहिल्या पुस्तकाचे परीक्षण स्थानिक वृत्तपत्रात आले होते. पाच परिच्छेद. त्यांत त्यांच्या वयाचा उल्लेख होता, नातवंडांचा होता, शिस्तीचा होता, चहा न पिण्याचाही होता. पुस्तकात कविता आहेत की गद्य, हे शेवटच्या परिच्छेदात कळले.

तुमचीही एक बाजू आहे, ती मला दिसते. आमच्या पिढीकडून तुमच्याकडे येणारे पुष्कळसे लिखाण वाईट असते. बागेत फिरताना सुचलेल्या चारोळ्या, थोरामोठ्यांच्या वचनांची गोळाबेरीज, 'आमच्या वेळी' या दोन शब्दांवर उभे केलेले तीनशे पानांचे आत्मचरित्र. तुमच्याकडे माणसे कमी, कागद महाग, वाचक मोबाइलमध्ये. सगळे मान्य. पण विशीतल्या कवींच्या प्रेमकविताही वाईट असतात आणि त्यांच्या ढिगातून तुम्ही चांगला कवी शोधता. पंचविशीत 'कोसला' लिहिणारे नेमाडे निघाले म्हणून पंचविशीतला प्रत्येक जण नेमाडे होत नाही, हे तुम्ही जाणता. लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घेतल्याने मी लक्ष्मीबाई होत नाही, हे मीही जाणते.

तरी ते नाव घेतेच, आणि ते वयासाठी नव्हे, तारखांसाठी. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग पुस्तकरूपाने आला १९३४ मध्ये. वजाबाकी तुम्ही करालच. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची तारीख. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या गेल्या. पहिला भाग छापून येणे आणि त्यांचे जाणे यांत फार तर दोन वर्षांचे अंतर आहे. मराठीतले एवढे मोठे आत्मचरित्र, आणि लेखिकेच्या हयातीत त्याला मिळालेला वेळ तेवढाच. त्या काळी कोणी 'हस्तलिखित विचाराधीन आहे, यथावकाश कळवू' म्हणून ते तीन वर्षे ठेवून घेतले असते, तर काय झाले असते याचा विचार करा. पुस्तक कदाचित आलेही असते. लक्ष्मीबाईंनी ते पाहिले नसते.

तुम्ही धरून चालता की निवृत्त माणसाकडे वेळच वेळ असतो. दिवसाचा असतो, हे खरे. दुपारी दोन ते पाच मला कोणी हलवत नाही. वर्षांचा मात्र नसतो. पंचविशीतल्या मुलाला तुम्ही दोन वर्षे थांबवलेत तर तो सत्ताविसाव्या वर्षी दुसऱ्याकडे जातो, दरम्यान आणखी एक पुस्तक लिहितो. आमच्यातल्या एका बाईंनी, त्या परिचारिका होत्या, सरकारी रुग्णालयातल्या प्रसूतिकक्षावर कथा लिहिल्या. हाताने, आखीव फुलस्केपवर, एका बाजूला समास सोडून. मग टाइप करून घेऊन प्रकाशकाकडे दिल्या. अधूनमधून फोन केला की उत्तर एकच, वाचन चालू आहे. बाई गेल्या. त्यानंतर त्यांच्या मुलीला प्रकाशनाकडून फोन आला की आम्हाला दोन कथा बऱ्या वाटतात, उरलेल्या बदलून देता येतील का. मुलीने मला विचारले, आता काय सांगू त्यांना? मला काही सुचले नाही. तुम्हाला सुचत असेल तर कळवा.

आमच्या एक्स्चेंजमध्ये एक साधा नियम होता. पलीकडून कोणी उचलत नसेल, लाइन एंगेज असेल किंवा खराब असेल, तरी बुक करणाऱ्याला तसे सांगायचे आणि विचारायचे, कॉल ठेवू की कॅन्सल करू? तासन्‌तास बसून राहिलेला माणूस चिडून शिव्या द्यायचा, त्या ऐकून घ्यायच्या. पण त्याला अंधारात ठेवायचे नाही. सुपरवायझर बाई या एका गोष्टीवर फार कडक होत्या. लिखाण पाठवणाऱ्यालाही एवढे मिळायला काय हरकत आहे? 'नाही' म्हणा. एका ओळीत म्हणा. कारण दिले नाही तरी चालेल. सहा महिन्यांत उत्तर आले नाही तर नकार समजावा, असे तुमच्यापैकी मोजके जण लिहून तरी ठेवतात. त्यांचे मी मनापासून आभार मानते, कारण त्यामुळे सातव्या महिन्यात पाकीट दुसरीकडे पाठवता येते.

'उशिरा सुरुवात केलीत' हेही आम्हाला फार ऐकवले जाते. फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्या लहानशा दुकानात बसून, घरच्यांपासून वह्या लपवत लिहीत राहिल्या. 'जिणं आमुचं' पुस्तक म्हणून आले १९८६ मध्ये, त्यांची पन्नाशी उलटून गेल्यावर. लिहून झाले होते त्याच्या कितीतरी आधी. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' पुस्तकरूपात आले. त्या शिक्षिका होत्या, शिक्षण खात्यातून १९८१ मध्ये निवृत्त झाल्या आणि मग लिहायला बसल्या. सुनीता देशपांड्यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० चे, साठी ओलांडल्यावरचे. अर्थात त्यांना कोणाचे दार वाजवत उभे राहावे लागले नसेल. आणि बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकात आली १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतरच्या वर्षी. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली नसती तर कदाचित तीही आली नसती. यांतल्या किती जणींनी उशीर केला आणि किती जणींना तो करावा लागला, हा हिशेब एकदा मांडून पाहावा. बायकांची नावे मी ठरवून घेतलेली नाहीत. आठवायला बसले तेव्हा तीच आधी आठवली, यालाही काही कारण असणार.

आता पैशांचे. हा भाग तुमच्यातल्या सर्वांना लागू नाही, ज्यांना लागू आहे ते ओळखतील.

हस्तलिखित पाठवल्यावर ज्यांचे उत्तर आठवड्याच्या आत येते, त्यांच्या पत्रात पुस्तक निवडले गेल्याचे अभिनंदन असते, आणि खाली अंदाजपत्रक. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, तीनशे प्रती, प्रकाशन समारंभ, त्यात प्रमुख पाहुणे, शाल आणि श्रीफळ. मला आलेल्या अंदाजपत्रकात 'आयएसबीएन शुल्क' अशीही ओळ होती. भारतात हा क्रमांक फुकट मिळतो. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन राय यांच्या नावाची एजन्सी तो देते, आणि लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. तुम्ही फॉर्म भरण्याचे श्रम घेतलेत तर तसे लिहा, मी त्याचे पैसे देईन. शुल्क म्हणू नका. लेखकाने स्वखर्चाने पुस्तक काढण्यात मला काही गैर वाटत नाही, मराठीत ती जुनी रीत आहे. पण छपाईच्या गिऱ्हाइकाला निवड झालेला लेखक म्हणून फसवू नका. आम्ही सोपे गिऱ्हाईक आहोत हे मला कळते. फंडाचे पैसे नुकतेच हातात आलेले असतात, स्वप्न जुने असते, आणि घरात कोणी विचारणारे उरलेले नसते. त्या तीनशे प्रती पुढे कुठे जातात तेही सांगते. पलंगाखाली. पाहुण्यांना, डॉक्टरांना, मुलाच्या साहेबांना वाटून उरलेल्या तिथे सरकवल्या जातात, आणि दुकानात एकही प्रत गेलेली नसते.

करारनाम्याचेही तसेच. जिथे तो होतो तिथे 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे' एवढी एक ओळ आणि खाली सहीची जागा. कॉपीराइटचा १९५७ चा कायदा मी सावकाश बसून वाचला, मला वेळ असतोच. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरायचा, असे कलम १९ सांगते. मुदत तुम्ही लिहून घेता ती म्हणूनच कायमची लिहून घेता. हक्क लेखकाच्या हयातीनंतरही साठ वर्षे टिकतो. म्हणजे माझ्या कादंबरीचे बरे-वाईट माझी नातवंडे म्हातारी होईपर्यंत चालू राहील. तेवढ्या काळाचा सौदा करताना रॉयल्टी किती, हिशेब कोणत्या महिन्यात, पुस्तक बाजारात नसेल तर हक्क परत कधी, एवढे तरी त्या कागदावर असावे. हे सगळे लिहून देणारे प्रकाशक आहेत. त्यांच्याकडे रांग लांब आहे आणि त्या रांगेत उभे राहायची माझी तयारी आहे.

एक लहानशी अडचण, पण दिवस खाणारी. कोणी म्हणते युनिकोडमध्ये पाठवा, कोणी म्हणते श्रीलिपीतच हवे. एकातून दुसऱ्यात नेले की जोडाक्षरे फुटतात, रफार भलतीकडे उडतात आणि 'कार्यकर्त्याचे' काहीतरी भलतेच होऊन बसते. मी टाइप करायला शिकले. परिचारिकाबाई शिकल्या नाहीत. त्यांची बोटे संधिवाताने वाकडी झाली होती, पेन कसेबसे धरता येई. त्या डीटीपीवाल्याला पानामागे पैसे देत होत्या, तेही हस्तलिखित नाकारले जाईल की काय हे ठाऊक नसताना. पहिली वीस पाने हाताने लिहिलेली चालतील, आवडली तर पुढचे टाइप करून द्या, एवढी मुभा ठेवलीत तर तुमचे काय जाईल? अनुभवी वाचकाला वीस पानांत कळतेच. खरे तर पाचांत कळते.

साहित्य अकादमी २०११ पासून पस्तिशीच्या आतल्या लेखकांना युवा पुरस्कार देते. माझा त्याला विरोध नाही, तरुणांना धीर लागतोच. त्याच्या जोडीला आमच्यासाठी एखादा पुरस्कार काढा, दिवाळी अंकात 'संध्याछाया विभाग' ठेवा, अशी मागणी करणारे आमच्यात आहेत. मी त्यांच्यात नाही. वेगळ्या पंगतीला बसवले की वाढणारा आपोआप हात आखडता घेतो. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. तिच्यात पहिल्यांदा छापून आलेल्या माणसाची कथा नामवंताच्या कथेला लागून छापली जाते. मला ती जागा हवी आहे, आणि लायक नसेन तर कुठलीच नको.

तेव्हा मागणे असे. लिखाण पाठवणाऱ्याचे वय, पूर्वीचा हुद्दा आणि छायाचित्र आधी मागू नका, निवड झाल्यावर मागा. शक्य असेल तर वाचणाऱ्याच्या हाती नाव नसलेली पाने द्या. वर्षातल्या कोणत्या महिन्यांत हस्तलिखिते घेता आणि किती महिन्यांत उत्तर देता ते जाहीर करा. दिवाळी अंकवाल्यांनी लेखकाला जाहिरात मिळवून द्याल का हे विचारणे सोडावे, निदान कथा वाचण्याआधी तरी विचारू नये. पैसे लेखकाने भरायचे असतील तर ते पहिल्या पत्रात, अभिनंदनाच्या आधी लिहा. आणि पुस्तक छापलेत तर चुका दाखवणारा संपादक त्या पुस्तकामागे बसवा. मुद्रितशोधकाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारले म्हणजे संपादन झाले असे होत नाही. चाळीस वर्षे सुपरवायझरच्या हाताखाली काम केलेली माणसे आहोत आम्ही, चूक दाखवली म्हणून कोणी रडत बसणार नाही.

माझी कादंबरी ज्यांच्याकडे आहे त्यांना वेगळे सांगायला हवे. ३१ डिसेंबरपर्यंत तुमच्याकडून काही कळले नाही तर तो नकार समजून मी ती इतरांना देणार आहे. दुसरी लिहायला घेतली आहे. तीतही टेलिफोन नाही. उत्तरासाठी ईमेल नको वाटत असेल तर पोस्टकार्ड अजून मिळते, त्यावर 'नाही' एवढे लिहिले तरी मला पोचेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
सातारा